पिन कागदावर एक, डब्यात दुसरी!

दिल्लीतला मंडी हाउसजवळचा कोपर्निकस मार्ग आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर, दूरदर्शन भवन याच रस्त्यावर आणि केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान पीठही याच रस्त्यावर. १९८५ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण उभे राहिले. तेव्हापासून रेल्वेचा गँगमन असो की टपाल खात्याचा पोस्टमन, बदली, बढती, शिक्षा, पेन्शन यांबद्दल दाद मागायची तर न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. आपल्याकडच्या माणसाला मुंबईचे पीठ आहे. दिल्लीकडे नोकरी करणारा मराठी माणूस कोपर्निकस मार्गावर येतो.

फेडरेशनच्या बैठकीसाठी दिल्लीला गेलो असताना याच रस्त्यावर एक साथी भेटला. मूळचा खानदेशातला, सिग्नल खात्यात टेक्निशियन, नोकरी उत्तरेत. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी घातलेले एक ड्रॉइंग. चहाच्या टपरीवर त्याने ते उलगडले आणि एका जागी बोट ठेवून म्हणाला, "दादा, ही चार नंबरची पिन. हिने माझी वेतनवाढ खाल्ली."

त्याची हकीकत थोडक्यात अशी. पावसाळ्यातली रात्र, एका स्टेशनवर सर्किट फेल. हा आणि त्याचा हेल्पर मेमो देऊन लोकेशन बॉक्सवर पोहोचले. बारा पिनांचा कनेक्टर. धुळीने आणि ओलीने पिनांवरचे आकडे पुसट झालेले. टॉर्चच्या उजेडात त्याने ड्रॉइंग पाहिले, डावीकडून मोजत गेला आणि चौथ्या पिनेवरची तार सोडवली. ती तार बिघडलेल्या सर्किटची नव्हतीच, चालू सिग्नलची होती. सिग्नल लाल झाला आणि एक्स्प्रेस स्टेशनाबाहेर उभी राहिली. जीवितहानी नाही, कारण आपल्या यंत्रणेची रीतच अशी आहे की, काही तुटले तर सिग्नल लाल व्हावा. पण गाडीला उशीर झाला, वरून विचारणा झाली आणि याच्या हातात चार्जशीट पडली.

चूक कुठे होती? ड्रॉइंगमध्ये कनेक्टर समोरून पाहून काढलेला होता. तार जोडणारा माणूस मात्र त्याच्याकडे पाठीमागून पाहतो. समोरची डावी बाजू म्हणजे मागची उजवी. बारा पिनांच्या ओळीत समोरून चौथी असलेली पिन मागून मोजली तर नववी येते. कोणत्या बाजूने पाहायचे, याबद्दल ड्रॉइंगवर एक ओळही लिहिलेली नव्हती. चौकशीत त्याने हे सांगितले, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "ड्रॉइंग संगणकावर केलेले आहे. ते चुकीचे कसे असेल?"

बंधू-भगिनींनो, या एका वाक्यासाठी हा अग्रलेख आहे.

संगणकावर विजेचे ड्रॉइंग कसे होते, ते आधी समजून घेऊ. पूर्वी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंग कागद, टी-स्क्वेअर आणि शाईचे पेन असे. आता ऑटोकॅडच्या घराण्यातली, खास विजेच्या कामाची सॉफ्टवेअर आली आहेत. त्यांत कनेक्टर हाताने रेघ मारून काढावा लागत नाही. 'कनेक्टर टाका' असा हुकूम दिला की संगणक काही प्रश्न विचारतो. पिना किती? दोन पिनांमधले अंतर किती? पहिल्या पिनेचा क्रमांक कोणता? प्लग आणि सॉकेट दोन्ही दाखवायचे की एकच बाजू? आडवा ठेवायचा की उभा? उत्तरे दिली की क्षणात पूर्ण चिन्ह पडद्यावर येते. आधी काढलेल्या तारांवर ते ठेवले, तर जिथे जिथे तार चिन्हाला छेदते तिथे तिथे आपोआप पिन बसते आणि तिला क्रमांकही मिळतो. पुढे पिन वाढवता येते, काढता येते, सरकवता येते, अख्खे चिन्ह उलटवताही येते. कोणती तार कुठून कुठे जाते याची यादीसुद्धा संगणकच छापून देतो.

ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. आठ दिवसांचे काम एका दिवसात होते. एकच पिन क्रमांक दोनदा पडला, एखादी तार अधांतरी राहिली, तर संगणक बोट दाखवतो. आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. कामगार चळवळीने यंत्राला विरोध केला तो माणसाला बाहेर काढण्यासाठी यंत्र आणले तेव्हा. माणसाचे काम नेमके करणारे यंत्र आपल्यालाही हवे आहे.

पण संगणक जे तपासतो, ते कागदाशी कागद ताडून तपासतो. एका पानावरची पिन दुसऱ्या पानावरच्या पिनेशी जुळते की नाही, एवढेच त्याला कळते. डब्यातली तार कोणत्या पिनेवर आहे, हे त्याला कोण सांगणार? पहिला क्रमांक 'एक' हा संगणकाने स्वतःच सुचवलेला असतो. डब्यातल्या कनेक्टरवर शून्यापासून किंवा अक्षरांपासून गणती असली आणि ड्रॉइंग करणाऱ्याने ते पाहिलेले नसले, तर सगळ्या पिना एका घराने सरकतात. मध्येच एक पिन वाढवली आणि पुढचे क्रमांक पुन्हा पाडले, तर कागदावर सगळे सरळ दिसते आणि डबा मात्र जुन्याच क्रमांकावर राहतो. दुसऱ्या स्टेशनचे ड्रॉइंग उचलून वर नाव बदलले, तर त्या स्टेशनच्या पिनाही सोबत येतात. यातली एकही चूक संगणकाला चूक वाटत नाही. छपाई सुबक, अक्षर सुंदर, म्हणून साहेबालाही ती चूक वाटत नाही.

आपल्या जुन्या सिग्नल इंजिनिअरांना माणसाची ही कमजोरी ठाऊक होती. रिले रूममधले क्यू सिरीजचे प्लग-इन रिले आठवा. त्यांना कोड पिनांची व्यवस्था असते. एका जातीचा रिले दुसऱ्या जातीच्या जागेवर लावायला गेलात तर तो बसतच नाही. रात्रपाळीचा डोळ्यांवर झोप असलेला माणूससुद्धा तिथे ती चूक करू शकत नाही. लोखंडाची पिन 'नाही' म्हणू शकते. संगणकाच्या पडद्यावरची पिन कधी 'नाही' म्हणत नाही. ती सांगाल तिथे बसते.

टपाल खात्यातल्या आपल्या बांधवांना 'पिन' हा शब्द शिकवायला नको. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकट्या महाराष्ट्रात पिंपळगाव किती, वडगाव किती आणि सावरगाव किती, हे सॉर्टिंगच्या माणसाला विचारा. त्यात भाषा वेगळ्या, अक्षरे वेगळी. म्हणून सहा आकडे आले. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन नेमक्या टपाल कचेरीचे. कोपर्निकस मार्गाचा पिन ११०००१. कनेक्टरची पिन म्हणजे तारेचा असाच पत्ता. फरक एवढाच की, पत्रावरची पिन चुकली तर पत्र दुसऱ्या पिंपळगावी जाते, तिथला पोस्टमन माणूस ओळखीचा नाही म्हणून ते परत पाठवतो आणि आठवड्याने का होईना, पत्र पोहोचते. तारेतून जाणाऱ्या विजेला थांबवून पत्ता विचारणारा पोस्टमन वाटेत नसतो.

हा पत्ता चुकला की काय होते, ते आपण २ जून २०२३ रोजी पाहिले. ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यातले बहानगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनने सरळ जाण्याचा हिरवा सिग्नल होता, पण सांधा लूप लाइनला लागलेला होता आणि लूपवर मालगाडी उभी होती. एक्स्प्रेस तिच्यावर आदळली, समोरून जाणारी यशवंतपूर-हावडा एक्स्प्रेसही त्यात सापडली. २९० हून अधिक माणसे गेली.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघाले, ते जुलै २०२३ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले. स्टेशनच्या उत्तर गुमटीत पूर्वी सिग्नल सर्किटमध्ये केलेला बदल आणि ९४ नंबरच्या फाटकाचे विजेवर चालणारे बॅरियर बदलण्याचे काम, या दोन्हींतल्या त्रुटींमुळे चुकीचा सिग्नल मिळाला. लोकेशन बॉक्समधल्या तारांवर लिहिलेली नावे चुकीची होती आणि ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती, हेही चौकशीत पुढे आले. त्याच खरगपूर विभागात १६ मे २०२२ रोजी बांकरा नयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे एक घटना घडून गेली होती. तिच्यावरून धडा घेतला असता तर बहानगाचा अपघात टळला असता, असे आयुक्तांनी नोंदवले.

अपघातानंतर रिले रूमला आणि गुमट्यांना दुहेरी कुलपे लावण्याची मोहीम निघाली. कुलूप हवेच. पण आत तारेवर चुकीचे नाव असेल तर कुलूप लावून आपण चूकच सुरक्षित ठेवतो. जुलै २०२३ मध्ये तपास यंत्रणेने तिघांना अटक केली, दोघे इंजिनिअर आणि एक टेक्निशियन. त्यांच्या दोषाचा निवाडा न्यायालय करील, त्यावर आम्ही बोलणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. चुकीचे नाव वर्षानुवर्षे डब्यात राहिले, त्या काळात त्या डब्याच्या तपासणीवर सह्या कोणी कोणी केल्या आणि ड्रॉइंग डब्याशी ताडून पाहायला माणूस आणि वेळ कोणी दिला?

हा प्रश्न साता समुद्रापलीकडे एकदा नीट विचारला गेला आहे. लंडनजवळच्या क्लॅपहम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ च्या सकाळी गाड्यांची टक्कर झाली, ३५ माणसे मेली. सिग्नलच्या नव्या वायरिंगचे काम चालू होते. एका टेक्निशियनने जुनी तार एका टोकाला सोडवली, पण कापली नाही, बांधली नाही. दुसरे टोक जोडलेलेच राहिले. अपघाताच्या आदल्या दिवशी शेजारच्या रिलेवर काम झाले, ती तार हलली आणि जुन्या जागेला टेकली. सिग्नल लाल व्हायचा तो झाला नाही.

अँथनी हिडन यांनी त्याची चौकशी केली आणि १९८९ मध्ये अहवाल दिला. त्यांनी टेक्निशियनची चूक लपवली नाही. पण ते तिथेच थांबले नाहीत. तेरा आठवड्यांत त्या माणसाला फक्त एक दिवस सुटी मिळाली होती, हे त्यांनी लिहिले. त्याचे काम दुसऱ्या कोणी तपासले नाही, रिलेवरच्या तारा मोजून ड्रॉइंगशी ताडल्या नाहीत, हेही लिहिले. अहवालात ९३ शिफारशी होत्या. १९९१ मध्ये ब्रिटिश रेल्वेला अडीच लाख पौंडांचा दंड झाला. चौकशी अशी असते. आपल्याकडे मात्र अनेकदा चोर सोडून संन्याशाला फाशी!

आणि कोणी म्हणेल की हे सगळे रेल्वेवाल्यांचे दुखणे आहे, टपालवाल्यांना त्याचे काय? तर त्याच ब्रिटनच्या पोस्टातले उदाहरण घ्या. तिथल्या पोस्टाने हिशेबासाठी 'होरायझन' नावाची संगणक यंत्रणा आणली. यंत्रणेतल्या दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली. पोस्ट चालवणारी साधी माणसे सांगत होती की पैसे आम्ही घेतले नाहीत. त्यांना उत्तर मिळाले की संगणक चुकत नाही. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, अनेकांचे संसार उद्ध्वस्त झाले. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या साथीला ऐकावे लागले ते वाक्य आणि हे वाक्य एकच आहे. आज आपल्या पोस्टातही काउंटरवर संगणक आहे. टपाल बांधवांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आता थोडे आपल्याबद्दलही बोलू. दुसऱ्याच्या ताटातले मुसळ दाखवताना आपल्या ताटातले कुसळ झाकणे बरे नव्हे. केबलची एक तार तुटते, रात्री स्पेअर तार जोडून आपण सर्किट चालू करतो, गाडी जाते, कंट्रोलचा फोन थांबतो. आपण शाबासकी घेतो आणि झोपायला जातो. कोणती तार कोणत्या पिनेवर हलवली, हे रजिस्टरमध्ये किती जण लिहितात? लिहिले तर पेन्सिलीने, तेही ड्रॉइंगच्या कोपऱ्यात. पुढच्या आठवड्यात त्या डब्यावर येणारा माणूस परका नसतो, आपलाच भाऊ असतो. त्याच्यासाठी आपण न लिहिलेली ओळ हा सापळाच आहे. ही शिस्त युनियननेच सभासदांना लावली पाहिजे. प्रशासनाला जाब विचारायचा तर आपले रजिस्टर आधी स्वच्छ हवे.

पण रजिस्टरमध्ये लिहिलेले पुढे जाते कुठे, हाही प्रश्न आहे. आपल्या त्या साथीच्या पिशवीत दुसराही एक कागद होता. या घटनेच्या आधी त्याने स्वतःच लिहून दिले होते की या बॉक्सचे ड्रॉइंग जागेवर जुळत नाही, दुरुस्त करून मिळावे. कागदावर पोच आहे, शिक्का आहे. दुरुस्त ड्रॉइंग मात्र आलेले नाही. संगणकावर पिन बदलायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे मिळायला कागदाला महिनोन्‌महिने फिरावे लागते. ड्रॉइंग करणारा बसतो मुख्यालयात किंवा कंत्राटदाराच्या ऑफिसात. डबा असतो रुळाच्या कडेला. दोघांची गाठ कधी पडतच नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

(१) प्रत्येक ड्रॉइंगवर कनेक्टर कोणत्या बाजूने पाहून काढला आहे, पिनांची गणती कुठून सुरू होते, हे ठळक लिहावे. ड्रॉइंगवर शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि सही असावी.

(२) संगणकावर ड्रॉइंग करणाऱ्याने अंतिम सहीपूर्वी जागेवर येऊन, देखभाल करणाऱ्या टेक्निशियनसोबत डबा आणि कागद ताडून पाहावा. दोघांच्याही सह्या हव्यात. कंत्राटदाराच्या कामालाही हाच नियम लागू असावा.

(३) टेक्निशियनने लेखी कळवलेली तफावत ठराविक दिवसांत ड्रॉइंगमध्ये उतरली पाहिजे. तोपर्यंत त्या डब्यावर 'ड्रॉइंग जुळत नाही' अशी पाटी लावावी.

(४) वायरिंग बदलल्यावर तारांची मोजणी काम करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या माणसाने करावी. त्यासाठी लागणारा वेळ ब्लॉकमध्ये धरावा. 'गाडी सोडा' म्हणून चाचणी अर्धवट सोडायला सांगणाऱ्याने तसे लेखी द्यावे.

(५) विजेच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचे शिक्षण फक्त अधिकाऱ्यांना आणि ड्रॉइंग ऑफिसला नको. सिकंदराबादच्या सिग्नल संस्थेपासून विभागीय प्रशिक्षण केंद्रापर्यंत टेक्निशियनलाही ते मिळाले पाहिजे. आयटीआय झालेला आपला मुलगा हे आठ दिवसांत शिकतो. पडद्यावर पिन कशी बसते हे ज्याला कळले, त्याला कागदावरची चूकही लवकर दिसते.

(६) दुरुस्त न केलेल्या ड्रॉइंगवर काम करावे लागलेल्या कर्मचाऱ्याला त्या ड्रॉइंगच्या आधारावर शिक्षा होऊ नये.

यातली एकही मागणी पगारवाढीची नाही. यातून जो पैसा वाचेल तो सरकारचा आणि जे जीव वाचतील ते प्रवाशांचे. त्या प्रवाशांत आपली बायकामुलेही असतात, हे कोणी विसरू नये.

त्या दिवशी न्यायाधिकरणात साथीला पुढची तारीख मिळाली. कागद पुन्हा पिशवीत गेले. रस्त्यावरून परत येताना त्याने पाटीकडे पाहून विचारले, "दादा, हा कोपर्निकस कोण?" मॅट्रिकपर्यंत जेवढे शिकलो तेवढे सांगितले. पोलंडचा माणूस. त्याच्या काळी जगातले सगळे मोठे पंडित म्हणत की पृथ्वी मध्यभागी आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो. तशीच त्यांची ड्रॉइंगे होती, मोठी सुबक होती. याने आकाश आणि कागद ताडून पाहिले आणि १५४३ मध्ये पुस्तक छापून सांगितले की मध्यभागी सूर्य आहे.

साथी जरा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे ड्रॉइंग जुळले नाही, तेव्हा त्याने आकाशाला चार्जशीट दिली नाही!"

आम्हाला यापेक्षा जास्त काही म्हणायचे नाही. कागद आणि डबा जुळत नसेल तर कागद दुरुस्त करा. डब्याजवळ रात्री टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसाला शिक्षा करून पिन जागेवर येत नाही. प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, आपल्या विभागातल्या न जुळणाऱ्या ड्रॉइंगांची यादी करावी आणि ती लेखी, पोच घेऊन प्रशासनाला द्यावी. काम आजपासून सुरू करू या.

कामगार एकजूट झिंदाबाद!